चांगुणाबाईनं सांगितलेलं कार्टून

सीमेवरच्या ठाणाकुशनूरच्या शाळेत सरकारी गाडीतून फिल्म आली, की ती सांगायला चांगुणाबाई लागे. फिल्म कन्नड असो नाहीतर इंग्रजी, खताची असो नाहीतर कुटुंबनियोजनाची; बाई छडी घेऊन पडद्याशेजारी उभी राहायची आणि आपल्या मराठीत दणकून सांगायची. कन्नड तिला उत्तम येई. इंग्रजी अजिबात नाही. पण त्यावाचून ती कधी अडल्याचं कुणाला आठवत नाही. सातवी शिकलेली, बालवाडी चालवणारी, सरपंचाला गप्प करणारी बाई. घाबरायची ती फक्त आठ वर्षांच्या शोभाला.

शोभा ही तिच्या नवऱ्याची, पिराजीची, पहिल्या बायकोपासूनची लेक. आई गेल्यावर आजोळी वाढली, चार महिन्यांपूर्वी बापाकडे आली. ती चांगुणाबाईला आई म्हणेना, मावशीही म्हणेना. काही हवं असलं की पदर ओढायची. त्या एका हाकेसाठी चांगुणाबाई शेंगदाण्याचे लाडू करत होती. लाडू संपत होते, एवढंच.

चौऱ्याहत्तर सालच्या एका दुपारी खिडक्यांना गोणपाट लावून वर्गात अंधार केला; पोरं पुढं बसली, गावच्या बायका मागं. गाडीवाल्या गुरप्पानं मशीन सुरू केलं. या खेपेला पऱ्यांच्या गोष्टीचं इंग्रजी कार्टून होतं. पडद्यावर आधी लोण्यासारखी गोरी पोरगी आली. मागून वाकड्या नाकाची, हिरवट तोंडाची बाई. तिनं पोरीपुढं झाडू आपटला. ही कोण ते चांगुणाबाईनं लगेच ओळखलं, आणि छडी खाली आली.

"ही... ही तिची आत्या."

"कामून गं वहिनी?" मागून नणंद सुमनबाई कडाडली. "आत्यानं काय घोडं मारलं तुझं?"

"बरं, काकू म्हणा."

"मी हितंच बसलेय!" साऱ्या आळीची काकू असलेल्या सत्यभामाबाई म्हणाल्या.

"मग शेजारीण!"

वर्ग हसायला लागला. तेवढ्यात पुढून शोभा म्हणाली, "सावत्र आई हाय ती. आज्जीनं सांगितलीय मला ही गोष्ट."

चांगुणाबाईनं पदर खोचला. "व्हय, सावत्र आईच हाय. वाईट हाय म्हणून चित्रवाल्यानं नाक वाकडं केलं. चांगलीला गोरं केलं. म्हंजे बघणाऱ्याला इचार करायचं काम न्हाई."

पोरं तिच्याच नाकाकडं बघायला लागली. तेही जरा वाकडंच होतं.

"बघा, नीट बघून घ्या!"

शोभा मात्र पडद्याकडंच बघत होती. "पर हिचा बाप कुठं हाय?"

चांगुणाबाईनं पडदाभर छडी फिरवली. "न्हाई बाई. काढलाच न्हाई."

"कामून?"

"काढला असता तर त्याला काहीतरी बोलावं लागलं असतं."

बायका खिदळल्या आणि सगळ्यांच्या माना दाराला टेकलेल्या पिराजीकडं वळल्या.

"मी काय केलं?" पिराजी म्हणाला.

"तेच की! काय केलंस?" सुमनबाई म्हणाली.

शोभा उठून बापाजवळ गेली. "दादा, आईचा घसा बसलाय. पाणी आण."

पिराजी तांब्या शोधायला पळाला. पडद्यावर राजपुत्र आला, नाचला, लग्न करून मोकळा झाला.

"बोलो ना बाई, चुप कायकू?" गुरप्पा वैतागला.

बाई पडद्याकडं पाठ करून नाक पुसत होती. तो राजपुत्र कोण, कुठला, हे ठाणाकुशनूरला कधीच कळलं नाही.