तळ मोकळा

बंदरात त्याला सगळे बगळा म्हणत. उंच, काटकुळा आणि बोलायला कंजूष. ड्रेजर गाळ उपसायला येण्याआधी पाण्यात उतरायचं, लोखंडी सळई चिखलात खुपसत जायचं आणि खाली काय पुरलंय ते वर येऊन सांगायचं, हे काम त्यानं एकवीस वर्षं केलं. गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नसे. पण सळई नुसती टेकली की दगड आहे, लोखंड आहे की लाकूड, हे तो सांगायचा.

जुन्या धक्क्यापुढे त्याला दोन हात गाळाखाली लाकूड लागलं. जरा पुढे सरकला, पुन्हा लाकूड. असे सात खांब. वरून मोडलेले, खाली घट्ट रुतलेले.

बंदराच्या साहेबानं सोनार यंत्रानं काढलेला तळाचा नकाशा पुढे सरकवला. "यात तर काहीच नाही."

"साहेब, ते यंत्र गाळाची पाठ बघतं, पोट नाही. आधी खांब उपटा, नाहीतर तेवढा पट्टा सोडा."

"तीन आठवडे जातील! कुजलेलं लाकूड, ड्रेजरचा कटर चावून टाकेल." साहेबानं कागद पुढे केला. त्यावर आधीच टाइप केलेलं होतं: तळ मोकळा. "सही कर. नाही जमत तर दुसरा पाणबुड्या बघतो. आणि ड्रेजरवरच्यांना उगाच घाबरवू नकोस."

पोटावर पाय येतोय म्हटल्यावर बगळ्यानं सही केली.

ड्रेजरवर तारेचा दोर ओढणारा विंच सांभाळायचा त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सकाळी धक्क्यावर त्यानं हसत विचारलं, "काय बगळेराव, खाली काही भानगड नाही ना?"

"नाही दाजी. मोकळंय सगळं," बगळा म्हणाला. कुजलंच असेल लाकूड, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी कटर खांबात अडकला. तारेचा दोर ताणत गेला आणि तुटला. त्याच्या फटक्यानं दाजींचा डावा पाय गुडघ्याखालून तुटला.

चौकशीत साहेबानं तो कागद पुढे ठेवला आणि हात झटकले. "मी तोंडी सांगितलं होतं," बगळा म्हणाला.

"साक्षीदार?"

साक्षीदार कुठून आणणार? खापर त्याच्यावर फुटलं, नोकरी गेली. मग त्याच साहेबानं क्रेन लावून सातही खांब उपटून घेतले. नऊ दिवस लागले.

तो बहिणीकडे गेला. ती दारातच उभी राहिली.

"साहेबाला सांगितलंस, ते कळलं मला. पण दादा, ह्यांनी तुला तोंडावर विचारलं होतं ना रे?"

आतून दाजी ओरडले, "दार लाव गं!"

तिनं लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं. त्याला तेच जास्त लागलं.

आता तो एका गोदामाच्या फाटकावर बसतो. बहीण बाजारात दिसते. त्याला बघून रस्ता ओलांडते, आणि तो हाक मारत नाही.