वहिनीच्या हातावरचं पीठ

माझ्या वहिनीला भाकरी येत नव्हती.

आज तिला जाऊन वर्ष झालं. वर्षभर लोक मला तिच्या भाकरीबद्दलच सांगत आले, म्हणून आधी हे लिहून टाकते.

तिची भाकरी कडेला फाटायची. तव्यावर टाकताना दुमडायची.
घरातल्या भाकऱ्या माझा दादा करायचा. आयटीआयला असताना जुन्या जालन्यात खोली घेऊन राहायचा, तेव्हा शिकला. पातळ, गोल, टम्म फुगलेली ज्वारीची भाकरी.

सुजाता वहिनी शाळेत गणित शिकवायची. भाजी तिची, भाकरी त्याची, असं लग्नानंतर आपोआप ठरलं.
तो भाकरी थापायचा आणि ती ओट्याला टेकून पेपर तपासायची. मुलांची अचाट उत्तरं मोठ्याने वाचून दाखवायची. तो हसला की भाकरी बिघडायची.
मग ती म्हणायची, "बघा, आता माझ्यासारखी झाली."

हे सगळं स्वयंपाकघराचं दार लावून.

कारण लग्नानंतर लगेचच केदारखेड्याचे मोठे काका न सांगता आले आणि त्यांनी दादाला परातीसमोर पाहिलं. गावभर झालं.
पुढे एका लग्नात, पंगतीत सगळ्यांदेखत, कोणीतरी दादाच्या हातात परात दिली. "घ्या, तुमचं हत्यार."
दादा न जेवता उठला. स्टीलच्या कारखान्यात भट्टीसमोर उभा राहणारा माणूस.

तेव्हापासून वहिनीने ओट्यावर एका वाटीत पीठ काढून ठेवायला सुरुवात केली.
बेल वाजली की दादा हात धुऊन आतल्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसायचा. वहिनी दोन्ही हात वाटीत बुडवायची, आणि मनगटापर्यंत पीठ लागलेल्या हातांनी दार उघडायची.
"या या. भाकऱ्याच टाकत होते."

मी तिला एकदा विचारलं, हे कशाला?
म्हणाली, "मला काय, हात धुतला की झालं. त्यांना लोकांचं हसणं नाही धुता येत."

पाहुणे जेवायचे. सुनबाईच्या हाताची चव काही वेगळीच, म्हणायचे. दादा खाली मान घालून जेवायचा.

ती गेली ती शाळेतच. फळ्यासमोर. मेंदूत रक्तस्राव.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तिला आदरांजली वाहायला चारजण बोलले. चौघेही तिच्या भाकरीबद्दल बोलले.
गणिताबद्दल कोणीच नाही.

माणसं पांगल्यावर मोठे काका दादाला म्हणाले, समीक्षाला आमच्याकडं पाठव. समीक्षा म्हणजे दादाची मुलगी, आठवीतली. घरात आमची आई, पण तिच्या हाताची बोटं आता वळत नाहीत; मी पुण्यात नोकरीला.
"पोरीला खाऊ काय घालशील तू? तुला तर चहा बी येत न्हाई."

मी सांगितलं, "काका, या घरात भाकऱ्या दादाच करतो. आधीपासून."

काकांनी दादाकडे पाहिलं. "का रे? खरं हाय का?"

समोर वहिनीचा फोटो होता. दारात समीक्षा उभी होती. जन्मापासून त्याच्याच हातची भाकरी खाल्लेली.

दादा म्हणाला, "न्हाई काका. तीच करायची."

समीक्षा आत गेली आणि बॅग भरायला लागली.

वर्षभर ती केदारखेड्याला राहिली. शाळा बदलली. फोनवर विचारलं की "बरं चाललंय" एवढंच.
इकडे दादा दार लावून आईसाठी आणि स्वतःसाठी भाकऱ्या करत राहिला. आई सांगायची, आता तो खिडकीसुद्धा लावून घेतो.

आज सगळे आले. काकांसोबत समीक्षाही.
जेवणाची वेळ झाली तशी मोठ्या काकूने तिला हाक मारली. "चल गं, दोन भाकऱ्या टाक जल्दी. माणसं खोळंबलीत."

समीक्षाने बाह्या वर केल्या. मनगटावर भाजल्याचा लांब डाग होता.

दादाने विचारलं, हे काय.

"तवा लागला," ती म्हणाली. "सुरुवातीला लागतो. तुम्हाला तर माहितीच आहे, पप्पा."

ती शांतपणे बोलली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दादाने तिच्यासमोरची परात ओढून घेतली. काकू म्हणाली, अरे तू काय करून राह्यला. त्याने पीठ मळलं, तवा ठेवला.
दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीतून सगळ्यांना दिसत होतं. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

पहिली भाकरी मोठ्या काकांच्या ताटात गेली. त्यांनी घास मोडला, खाल्ला आणि थांबले.
"ही तर सुनबाईच्या हातची..."

"तिच्या हातची न्हाई, काका," दादा तव्याकडे बघत म्हणाला. "तिला भाकरी येत नव्हती. मीच करत आलोय. तुमच्या ताटातली बी, दरवेळी."
मग म्हणाला, "समीक्षा आता इथंच राहील."

काकांनी उरलेली अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि हात धुतले.
निघताना दादाशी बोलले नाहीत. बहुतेक आता बोलणारही नाहीत.
त्यांची गाडी गेली तेव्हा समीक्षाच्या चपला दारातच होत्या.

मला आनंद झालेला नाही. हेच वाक्य वर्षापूर्वी बोलता आलं असतं. तिचं वर्ष गेलं, आणि तो डाग जाणार नाही.

संध्याकाळी ओटा आवरताना ती वाटी सापडली. तळाशी जुनं पीठ घट्ट बसलं होतं. दादाने ती स्वतः घासली आणि पालथी ठेवली.

वहिनी, आता कोणीही आलं तरी हात बुडवू नकोस. दार उघडं आहे.

सुजाता वहिनी, गणिताच्या मॅडम.
तुला मनापासून आदरांजली.