साडूंच्या परसातला वाटाणा

वाटाणा खाण्यासाठी लावतात, हे जगात एकाच माणसाला मान्य नसेल, तर ते म्हणजे धारूरचे माझे थोरले साडू. त्यांनी परसात तुरीच्या काड्यांवर चढवलेले वेल पाहून येणारा-जाणारा थबकतो. मात्र त्या वेलांवरचा दाणा कोणाच्या ताटात पडल्याचे ऐकिवात नाही. शेंग धरली की ते तिच्या देठाला माझ्या मेहुणीच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधतात. लाल चिंधी म्हणजे बियाणे, पिवळी म्हणजे अद्याप ठरायचे आहे, आणि बिनचिंधीची शेंग खाण्याची. जन्मभर वर्गावर शिकवलेल्या मला ही वर्गवारी प्रथम फार पटली. पुढे लक्षात आले, की बिनचिंधीची शेंग परसात एकही नाही. “मग खायची कोणती?” असे विचारले, तर म्हणाले, “उरल ती, गुरुजी!” एकदा मी नकळत एक शेंग सोलली. ते ओरडले, “आवं, लाल हाय ती!” आणि मी गोंधळून तोंडातला दाणा पुन्हा शेंगेत ठेवला.

यंदा त्यांची लेक लग्नानंतरच्या पहिल्या भोगीला माहेरी आली. भोगीच्या भाजीत आपल्या परसातला वाटाणा पडावा, एवढीच तिची इच्छा. मेहुणी म्हणाली, “दारात वाटाणा आन् मी दर साली बाजारातून आणते. पोरीसाठी तरी तोडा की!” साडू वेलापाशी गेले. लाल चिंधीची शेंग धरली, सोडली. पिवळीची धरली, तीही सोडली. “गुरुजी, पुढल्या साली पेरायचं काय?” लेक आत वळली. तेव्हा मात्र त्यांनी भराभर चिंध्यांसकट शेंगा तोडल्या आणि हाक मारून तिच्या पदरात टाकल्या.

दाणे पार जून झाले होते. कितीही शिजवले तरी दाताखाली पिठूळच लागत होते. त्यांची गोडी राखणीतच निघून गेली होती. साडू स्वतः घास न घेता लेकीकडे पाहत राहिले.

“कशी झालीय?”

ती बराच वेळ चावत राहिली. “लई गोड हाय, अण्णा.”

मग त्यांनी एक दाणा तोंडात टाकला, चावून पाहिला, आणि आपल्या ताटातले उरलेले दाणे एकेक करून तिच्या ताटात सरकवू लागले. कोण कोणाचे मन राखत होते, ते मला अजून उलगडलेले नाही. मेहुणी डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगत होती. मी पातेले पुढे ओढले आणि आणखी वाढून घेतले.