जिन्यातला तो वास

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर एकच सांगत आलो — आधी पोट साफ कर, मग बोल. सहावीपर्यंत शिकलेला माणूस मी, जन्म गेला मिलमध्ये मशिनींवर. असल्या फालतू गोष्टींवर विश्वास नव्हता... आजही आहे असं नाही. पण हे डोक्यातून जात नाही म्हणून तुमच्या अंकाला लिहितोय.

इंदूरला लालबागच्या मागच्या गल्लीत माझं घर. खाली मी, वर एक खोली, जिना आतून. वर कॉलेजच्या दोन पोरी भाड्यानं राहतात — शिवानी देपालपूरची, रिया उज्जैनकडची. माझी बायको सुमन होती तेव्हा पोरी तिलाच जास्त चिकटलेल्या. तिच्या शेवटच्या महिन्यांत शिवानी खाली येऊन तिचे केस विंचरायची.

सुमन अंथरुणाला खिळली आणि पाठीला, डाव्या खवाट्याजवळ, जखम झाली. पडून पडून होते तशी. ती मीच धुवायचो. त्या जखमेचा वास... पिकून सडलेली पपई, आणि त्यात गंजलेलं लोखंड. घास तोंडाशी नेला की आधी वास यायचा. मला किळस यायची. जीव होता तिच्यावर, तरी यायची. खोटं कशाला बोलू?

संक्रांतीनंतर ती गेली. गादी टाकून दिली, भिंतींना चुना मारला. वास गेला.

वरच्या पोरींचं मात्र मजेत चाललेलं. आज छप्पन दुकानला खाणं, उद्या रात्री सराफ्यात चाट, परवा कुणाचा बड्डे. मी ओरडलो की रिया म्हणणार, "दादाजी, कॉलेज लाइफ एक ही बार आती है!" येऊ दे ना बाई, पण खरकटं घेऊन कशाला येते?

रंगपंचमीच्या आधी एका सकाळी जिन्यात तोच वास आला. तोच — पपई आणि लोखंड.

आता इंदूरचा माणूस आधी काय म्हणणार? कचरा! सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते तेव्हा या महाराण्या झोपलेल्या, मग पिशव्या वर साठतात. ओला-सुका सगळा एकत्र. मी वर गेलो आणि पिशव्या ओढत खाली आणल्या. गाडीवरची बाई म्हणाली, "बाबूजी, अलग करके दो, नहीं तो नहीं लेंगे." मग बसलो ओट्यावर. मोमोजची लाल चटणी, बुरशी आलेला केक, त्यात केसांचे गुंते, चिकट कप... खाली पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. हातानं वेगळं केलं सगळं. पण नाक घालून सांगतो, तो वास त्यात नव्हता.

जिना फिनाइलनं धुतला तरी वास होताच. शेजारचे कुलकर्णी आले, चार वेळा नाक ओढलं, म्हणाले, "अहो, फिनाइलशिवाय काही नाही इथं."

रंगपंचमीला पोरी गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघून आल्या, डोक्यापासून पायापर्यंत रंगलेल्या, खिदळत. शिवानी माझ्या जवळून जिना चढली... आणि वास तिच्याबरोबर वर गेला. ती वर, वास वर. ती पाण्याला खाली आली, वास खाली. मी टॉवेल तोंडाला धरून बसलो.

तोवर तिला काहीही झालेलं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी ती नाचतच खाली आली. "दादाजी, किसी को बताना मत हां," म्हणत कुर्त्याचा गळा मागून थोडा सरकवला. टॅटू. आदल्या दिवशीच काढलेलं मोरपीस. डाव्या खवाट्याजवळ. कातडी काचेसारखी साफ, सूज नाही, लाली नाही. आणि वास असा उठला की मी मोरीत जाऊन ओकलो.

"इतना भी बुरा नहीं है!" शिवानी रुसली.

मी म्हणालो, "आत्ता डॉक्टरकडे चल."

"क्यों? दुखता तक नहीं!"

"चल म्हटलं ना!"

ती रडकुंडीला आली. "पापा को पता चला तो कॉलेज छुड़वाकर देपालपुर बिठा देंगे, दादाजी. सब खतम हो जाएगा मेरा."

रिया मध्ये पडली, "हमारी लाइफ है, आप कौन होते हो?"

"घरमालक आहे. दवाखाना नाहीतर खोली खाली. बोला."

मला शिव्या देत आल्या, पण आल्या. डॉक्टरनं पाहिलं, म्हणाला काहीच दिसत नाही. मी हललो नाही तिथून. "पुन्हा बघा. रक्त तपासा." माझं थोबाड बघून वैतागला, पण तिला थांबवून घेतलं. संध्याकाळी ताप चढला. मग कातडी जांभळी, मग काळी. टॅटूच्या सुईतून जंतू गेलेले, आतून सडत होती. मोठ्या इस्पितळात नेऊन पाठीचं सडलेलं मांस कापून काढलं. तिथला सर्जन तिच्या वडिलांना म्हणाला, घरी झोपली असती तर सकाळी उठली नसती.

वडील माझे पाय धरायला वाकले. "बाऊजी, आपको पता कैसे चला?"

मी म्हणालो, "नाकानं." सर्जन म्हणाला, तेव्हा वास येणं शक्यच नव्हतं. बरोबर आहे त्याचं. आणि मला तर टॅटूच्या आधीपासून येत होता.

वडिलांनी कॉलेज सोडवलं नाही. मी त्यांना सांगितलं, पोर चुकली, कॉलेज नाही चुकलं. शिवानी परत आली. आठवडाभर शहाणी होती, मग पुन्हा तेच — पिझ्झा, खिदळणं, जिन्यात खोके.

लोक म्हणतात सुमनचीच माया. असेल. पण माया येते तर मोगऱ्याच्या वासानं यावी ना? तिच्या अंगाला गजऱ्याचा वास यायचा, तो कधी नाही आला. आला तो सडका.

तरी सकाळी जिन्यात उभा राहून मी नाक वर करतो. शिळ्या चीजचा वास येतो नुसता.