दोन तोरणं आणि तानबा

आंजीत पोळा फुटून बैल सुटायच्या आधी झडती म्हणावी ती तानबानंच, हा गावाचा जुना रिवाज. तोरणाखाली बैल उभे राहिले की तानबा कानावर हात ठेवून यमकात गावाची खरडपट्टी काढायचा. त्याचा दोस्त डोमाजी तशीच उलटी झडती हाणायचा, आणि लोक 'हर हर महादेव' म्हणून पावती द्यायचे. पावती न मिळालेली झडती मेली म्हणून समजायचं. चारचौघांत भांडलेले हे दोघं संध्याकाळी डोमाजीच्या घरी मांडीला मांडी लावून पुरणपोळी जेवायचे. बायको गेल्यापासून तर पोळ्याला तानबाच्या घरी चूलही पेटत नव्हती.

मग पंचायतीची निवडणूक आली आणि गाव उभं चिरलं. आता माणसं तेरवीचं जेवणसुद्धा पॅनल बघून जेवतात. यंदा तोरणंही दोन बांधली, मारुतीजवळ निवडून आलेल्यांचं, शाळेजवळ हरलेल्यांचं. बैलांना बिचाऱ्यांना कोण विचारतो! तानबाचं पॅनल निवडून आलं, आधी सत्तेत असलेलं डोमाजीचं आपटलं. रोज सांजेला विवेक सरपंचाच्या ओट्यावर तानबाला बसायला जागा असायची. एवढा ओटा आणि डोमाजीचं ते वर्षाचं एक जेवण, याखेरीज त्याला आपलं म्हणावं असं गावात काही उरलं नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी विवेकनं त्याला चहा पाजला. "काकाजी, डोमाजीचा एक बैल मेला ना उन्हाळ्यात. उसना बैल लावून जोडी आणून राह्यला तो. त्याच्यावर अशी झडती हाणा का गाव हासला पायजे."

तानबा कप ठेवून उठला. घरी येऊन त्यानं मुलीला फोन लावून विवेकचं म्हणणं सांगितलं. मंजुषा पुण्याला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते.

"घसा बसला म्हन्तो न घरीच राह्यतो, मंजू. कोनाच्या अध्यात नाई न मध्यात नाई."

"बाबा, घरी बसणं म्हणजेपण एक निवडच झाली," मंजुषा म्हणाली. "आम्ही शिकवतो ना, माणूस घडून जन्माला येत नाही, जे करते त्यातून तो घडते. पॅनलनं सांगितलं म्हणून बोललो, असं जो म्हणते तो स्वतःलेच फसवते. आपलं मत आपल्यालेच उचला लागते."

"अन् मंग लोक काय म्हन्तीन?"

"त्याले इलाज नाई, बाबा."

तानबाला अर्धंमुर्धं कळलं. पण कळलं तेवढं रुतून बसलं.

दुसऱ्या दिवशी मारुतीजवळच्या तोरणाखाली त्यानं कानावर हात ठेवला. विवेक आधीच हसायच्या तयारीत होता.

"टाकी बांधली गावाच्या माथी,
फीत कापाले जमले साथी,
टाकीत पानी थेंबभर नाई,
सरपंचाच्या दारी हिरवी जाई,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला!"

पावती आली नाही. बैलांच्या गळ्यातल्या घाटरा तेवढ्या वाजत राहिल्या. तेवढ्यात शाळेकडून, हाकेच्या अंतरावरून, गर्जना आली, "हर हर महादेव!" तिकडच्यांनी ऐकलं होतं. त्याचा जीव भांड्यात पडला आणि पाय आपसूक तिकडे वळले.

डोमाजीनं त्याला सगळ्यांदेखत कवेत घेतलं. "आला ना माहा गडी! आता हाण अजून एक, विवेकची पुरी जिरव."

तानबानं त्याच्याकडे पाहिलं. शब्द डोमाजीचे होते, पण मागणी विवेकनं चहा पाजून केली होती तीच होती. गप्प बसला असता तर डोमाजीकडचं ताट पक्कं होतं, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्यानं पुन्हा कानावर हात ठेवला.

"काल होती सत्ता तुमच्या हाती,
पांदनीत होती गुडघाभर माती,
आज दुसऱ्याची काढता खोड,
सोताचं वासरू लागते गोड,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला!"

इथंही पावती आली नाही. डोमाजीचा हात त्याच्या खांद्यावरून खाली आला.

"आमच्यावर काऊन रे? तू तं आमच्यात आलता."

"मी कोनात नाई आलो, डोमा. टाकी कोल्ली ठनठनीत हाये म्हून बोललो, शेताची पांदन तशीच हाये म्हून बोललो."

"मंग तू हायेस कोनाचा?"

डोमाजी आपल्या बैलाची झूल सारखी करत बसला. पोळा फुटला, जोड्या घरोघर ओवाळून घ्यायला गेल्या, आणि संध्याकाळ झाली तरी तानबाला जेवायला बोलवायला कोणी आलं नाही. दोनदा तो दारापर्यंत जाऊन आला.

शेवटी मंजुषाचाच फोन आला. त्यानं झालं तेवढं सांगितलं.

"बाबा, लई मोठं काम केलं तुम्ही," ती म्हणाली.

"केलं तं केलं. पर मंजू, तुह्या त्या पुस्तकवाल्यायनं असं काई लिवलं हाये का, मंग पुरनपोई कोनासंग खावी?"

"नाई बाबा," मंजुषा म्हणाली. "थे नाई लिवलं कोणी."