समुद्राकडे पाठ करू नये

समुद्रावर पहिल्यांदा गळ टाकायला उभं राहणाऱ्याला मी सगळ्यात आधी हेच सांगेन, की समुद्राकडे पाठ करू नका. कोणी हाक मारो, कोणी येणार असो, मान वळवायची तर आधी चार पावलं कोरड्या वाळूत या आणि मग वळवा. लाट विचारून येत नाही. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. माझ्या बाबांना पाण्यातून उचलताना शिकले आहे.

आम्ही रायपूरचे. ब्राह्मणपाऱ्यात राहतो. समुद्र इथून एका रात्रीच्या गाडीइतका लांब. बाबा रेल्वेत होते आणि नोकरीच्या बाहेर त्यांना एकच नाद होता, गरी खेळायचा. गरी म्हणजे गळाची काठी. सुट्टीच्या दिवशी सायकलला काठी बांधून ते गावाबाहेरच्या तलावांवर जायचे. भावाला नेलं की तो दगड फेकायचा, म्हणून मला न्यायचे. मी गांडुळांचा डबा धरून गप्प बसायची. माझ्या गप्प बसण्याचं तिथे फार कौतुक होतं. पुढे आयुष्यभर झालं.

भाऊ शिकला, विशाखापट्टणमला नोकरीला लागला, तिथलाच झाला. घर समुद्रापासून जवळ. फोनवर दर वेळी म्हणायचा, “बाबा, आप आइए ना, समंदर में मछली पकड़ेंगे.” तो मराठी समजतो, बोलतो हिंदीत. बाबांना ते वाक्य पुरायचं. सून बोलावत नाही, नातू फोनवर येत नाही, हे सगळं त्या वाक्याखाली झाकलं जायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “पोट्टा मले समुद्रावर नेऊन राहिला.” आईच्या मागे बाबांचं औषध, डॉक्टर, जेवण, पंख्याचा रेग्युलेटर सगळं माझ्याकडे. माझं ऑफिस शंकर नगरात. लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे सांगत बसत नाही. पण मी काही संत नाही. मला एक गोष्ट हवी होती आणि ती मला ठाऊक होती. बाबांनी एकदा, कोणाच्या तरी समोर, म्हणावं की हे माझ्या पोरीनं केलं. बास.

म्हणून मी ठरवलं की बाबांना समुद्रातला मासा मीच मिळवून द्यायचा. भावाच्या भरवशावर राहिलो असतो तर अजून तिकीट काढत असतो. रोज जेवणं झाली की मी मोबाइलवर समुद्रातल्या मासेमारीचे व्हिडिओ बघायची. बाबांना दाखवायला जायची तर म्हणायचे, “मले शिकवू नको. तलावातला काय अन् समुद्रातला काय, मासा तो मासा.”

शेवटी तिकिटं मीच काढली आणि बाबांना घेऊन विशाखापट्टणमला भावाकडे गेले. तर तिथल्या पहिल्या सकाळी काय झालं ऐका. बाबांनी रायपूरहून पिशवीतून ढेप, म्हणजे तेलबियांची पेंड, नेली होती. आमच्याकडे रीत अशी की गळ टाकण्याआधी जागा बनवायची. कणीक, भाजलेली ढेप आणि चिमूटभर हिंग यांचे लाडू वळून एकाच ठिकाणी पाण्यात टाकायचे, मग बुचाचा तरंगता तुकडा लावून तिथेच गळ सोडायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. बाबांनी बंगालच्या उपसागरात जागा बनवली. मूठ मूठ लाडू फेकले. लाटेनं ते घेतले, घोळले आणि पुढच्या खेपेला त्यांच्या पँटीवर आणून घातले. बूच तर फेकल्या फेकल्या पायाशी परत येत होतं. तिकडे माणसं फिरत होती, पोरं ओरडत होती, आणि बाबा तोंडावर बोट ठेवून साऱ्या किनाऱ्याला चूप करत होते. “चूप बसा म्हणा त्यायले, मासे पयतीन.” मला हसू येत होतं आणि रडूही. भाऊ त्या दिवशी ऑफिसात होता. दुसऱ्या दिवशीही. रविवारी पक्का येतो म्हणाला होता. रविवारी सासरच्या कोणाकडे तरी वास्तुशांत निघाली.

मग मी काठी हातात घेतली. लागणार तेवढं सामान मी आधीच मागवून ठेवलं होतं, बाबांना न सांगता. समुद्राला बूच चालत नाही. दोरी तळाला धरून ठेवायला शिसं लागतं, आणि तेही गोल नको. गोल गोळा लाटेबरोबर वाळूत लोळत किनाऱ्याला येतो. खाली चौकोनी, वर निमुळतं, असं शिसं घ्यावं, ते वाळूत रुतून बसतं. कणकेची गोळी खाऱ्या पाण्यात दोन लाटांतच विरघळते. झिंगा घ्यावा, ताजा, आणि तो गळावर टोचून वरून बारीक दोऱ्यानं गुंडाळावा, म्हणजे लाट ओरबाडून नेत नाही.

आणि लांब फेकायची हौस सोडावी. नव्या माणसाला वाटतं, मासे तिकडे क्षितिजाजवळ राहतात. आपल्याला काय हवं असेल ते लांबच असणार, हे आमच्या घराला चांगलं माहीत आहे. प्रत्यक्षात मासा जवळ असतो. ओहोटीला जाऊन वाळू नीट पाहून ठेवा. कुठे उंचवटा आहे, कुठे खोलगट पट्टा आहे. भरती चढू लागली की उंचवट्यावर लाट फुटते, पांढरी होते, आणि तिच्या अलीकडे एक पट्टा काळसर, गप्प राहतो. खाणं तिथे साचतं, मासाही तिथेच फिरतो. गळ त्या पट्ट्यात टाकायचा. वाळूत प्लास्टिकचा पाइप रोवून काठी त्यात उभी ठेवायची, म्हणजे दोरी लाटांच्या वर राहते. ती ताणलेली असावी. सैल दोरी काही सांगत नाही.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, कारण तोवर तीन सकाळी रिकाम्या गेल्या होत्या. परतीच्या गाडीचा दिवस होता. भावानं सकाळी सांगितलं होतं, “मैं सीधा बीच पर आता हूँ, आप लोग शुरू करो.” बाबांनी धुतलेला शर्ट घातला. किनाऱ्यावर पोचल्यापासून त्यांचं लक्ष काठीकडे कमी आणि रस्त्याकडे जास्त. दर थोड्या वेळानं मला विचारत, “फोन तं नाही आला?” नाही आला. “गाडी चालवून राहिला असन.”

काठीचं टोक हललं. आधी नुसतं थरथरलं, मग दोनदा झुकलं. बाबांनी काठी उचलली. चाळीस वर्षांची सवय, मनगट बरोबर वळलं. पण दम पुरेना. “धर, धर,” म्हणून त्यांनी ती मला दिली आणि मी ओढायला लागले. इथे एक लक्षात ठेवायचं. लाट परत जाताना मासा ओढायचा नाही. तेव्हा अख्खा समुद्र त्याच्या बाजूनं असतो, दोरी तुटते. तेव्हा नुसतं धरून उभं राहायचं. लाट आत येते तेव्हा तिच्याबरोबर रीळ फिरवत यायचं, तीच मासा वाळूवर आणून देते.

मी तेच करत होते. मासा दिसला, रुपेरी, वीतभराहून थोडा मोठा. मी ओरडले, “बाबा, आला, पाहा!” आणि बाबांनी मागे वळून पाहिलं. रस्त्याकडे. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो समोर फडफडत होता आणि हा माणूस मुलगा आला का ते बघत होता. मागून लाट आली आणि बाबा गुडघ्यावर पडले. मी काठी वाळूत टाकली, त्यांना दंडाला धरून उठवलं, ओढत बाहेर आणलं. चष्मा गेला. मासा मात्र गेला नाही. बाबांच्या नाकातोंडात खारं पाणी, आणि पहिला शब्द काय, तर “आला का थो?”

तो आला. आम्ही कपडे पिळत बसलो होतो तेव्हा आला, बुटांत, गाडी चालूच ठेवून. “अरे वाह, बाबा! दीदी, फोटो निकालो ना.” त्यानं मासा उचलून धरला, दुसरा हात बाबांच्या खांद्यावर टाकला. मी फोटो काढला. म्हणून मी फोटोत नाही.

तो फोटो नात्यातल्या सगळ्यांकडे गेला. घरी आल्यावर बाबांनी तो मोठा करून आणायला लावला, मलाच. बैठकीत टीव्हीच्या वर लावला, खिळाही मीच ठोकला. जो येईल त्याला सांगतात, “पोट्ट्यानं समुद्रातला मासा काहाडून देल्ला. असा पोट्टा पाहिजे.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मला वाटलं, वय झालंय, पडल्यामुळे गोंधळ झाला असेल. विसरलेल्या माणसावर रागावता येत नाही, म्हणून मी रागावले नाही. कित्येक महिने नाही.

मागच्या आठवड्यात खालचे शेजारी वर आले. कुटुंबाला घेऊन पुरीला निघाले होते, नवी काठी घेतली होती. “काकाजी, आपने तो पकड़ी है, कुछ बताइए.” बाबांचा चेहरा फुलला. मी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोबाइल उचलून भावाला फोन लावला, स्पीकरवर.

“सांग याले, कसा धरतेत समुद्रातला मासा.”

भाऊ हसला. तो कधी गुडघाभर पाण्यातही उभा राहिलेला नाही. पण बोलायला घाबरेल तर तो आमचा भाऊ कसला! “देखिए भैया, बड़ा गोल वाला सीसा लगाइए, आटे की गोली, और जितना दूर हो सके, फेंकिए. बाकी किस्मत.” शेजारी “हव, हव” करत राहिले. बाबाही मान डोलावत राहिले. शेजारी खूश होऊन जिना उतरून गेले.

मी आत वळले तेव्हा बाबांनी हाक मारली. हळू आवाजात म्हणाले, “त्याले शिसं मालूम नाही. गोल चालत नाही, ते लोळते. गोळीबी नाही टिकत, झिंगाच पाहिजे, दोऱ्यानं बांधून. अन् लंबा नाही फेकाचा, थ्या काळ्या पट्ट्यात टाकाचा.”

सगळं. शब्द न् शब्द. माझ्याच तोंडचं.

म्हणजे हा माणूस काहीच विसरला नव्हता. किनाऱ्यावर कोणी काय केलं ते त्यांना माझ्याइतकंच स्पष्ट आठवत होतं. विसरले असते तर किती बरं झालं असतं.

“तू खाली जाऊन त्याले बरोबर सांगून ये,” बाबा म्हणाले. “बिचारा पोरंसोरं घेऊन चालला. पण पोट्ट्याचाच फोन आला व्हता परत, त्यानंच सांगितलं, असं सांगजो.”

मी म्हटलं, “बाबा, मी सांगीन. पण माह्यं म्हणून सांगीन. थो तिथं नव्हता, हेबी सांगीन.”

बाबांनी टीव्हीच्या वरच्या फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे. विचार करत होते, खरंच करत होते, हे मला दिसत होतं.

“मंग राहू दे,” म्हणाले.