रेडिओवरचं माझं नाव

मी आठ मोसम कलकत्त्याच्या एका क्लबात स्टॉपर म्हणून खेळलो. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढे मधोमध उभा राहणारा बचावपटू. आमच्या झाशीत त्या काळी हे समजावून सांगणं कठीण होतं. गाव हॉकीचं. मानिक चौकातल्या भांडीवाल्यापासून कचेरीतल्या पेशकारापर्यंत सगळ्यांना हॉकी कळायची. ‘हॉकी छोड़ कें फुटबॉल? काए भैया?’ असं जो तो विचारी. खरं उत्तर एवढंच होतं की हॉकीत माझं मनगट वळत नव्हतं.

फुटबॉलकडे मला वळवलं ते झाशीजवळच्या बबीना छावणीतल्या एका हवालदारांनी. साताऱ्याकडचे होते. गणपतीत आमच्याकडे आरतीला आले, तेव्हा मला नीट न्याहाळून म्हणाले, “पोरा, तू गोल मारायच्या नादाला लागू नगंस. तुजी उंची मागं उपेगाची हाय. मागं थांब आन् दुसऱ्याला मारू देऊ नगंस.” पुढची तीन वर्षं दर रविवारी त्यांनी मला बबीनाच्या मैदानावर घुसळून काढलं. त्यांच्याच ओळखीनं मी कलकत्त्याला चाचणीसाठी गेलो आणि निवडला गेलो.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, कचेरीत कारकून होते. आमचं घराणं दोनशे वर्षांपूर्वी भिक्षुकी करायला इकडे आलं, ते इथलंच झालं. पोटासाठी झाशी सोडणारा मी पहिलाच, आणि तोही चेंडूच्या मागे. नाना रागावले नाहीत. स्टेशनवर एवढंच म्हणाले, “तिकडे तुझं कसं चाललंय ते आम्हांला कळणार कसं?”

त्याची तजवीज त्यांनी स्वतःच केली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बंगाली होमिओपॅथ राहत. सगळे त्यांना डॉक्टरबाबू म्हणत. त्यांच्या रेडिओवर शॉर्टवेव्हला, दुपारनंतर, खरखरत का होईना, कलकत्त्याच्या सामन्यांचं बंगाली धावतं वर्णन लागे. नानांना बंगाली ओ की ठो कळत नव्हतं. ते कचेरीतून लवकर सुटून दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसत, आणि डॉक्टरबाबू त्यांना हिंदीतून सांगत. रात्री जेवण झाल्यावर मला पत्र. ‘आज तुझे नाव दोन वेळा घेतले. परवा एकदाही नाही. प्रकृती बरी आहे ना?’

मी त्यांना लिहिलं, ‘नाना, बचाव करणाऱ्याचं नाव आलं नाही तर खेळ चांगला झाला असं समजा. आमचं नाव बहुधा चूक झाली की येतं.’

त्यावर त्यांचं उत्तर आलं, ‘समजले. तरी एखादे वेळी घ्यावे.’

सातव्या मोसमात माझा उजवा गुडघा दुखायला लागला. आठव्यात तो सकाळी सुजलेलाच असे. त्या वर्षी आम्ही एका मोठ्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचलो. क्लबच्या डॉक्टरांनी गुडघ्यात सुई दिली आणि विचारलं, जमेल का? मी हो म्हणालो. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मलाच बाकावर बसायचं नव्हतं.

उत्तरार्धात मी गोलकीपरकडे चेंडू मागे दिला. पाय अर्ध्यातच थांबला आणि चेंडू आखूड पडला. समोरच्या संघाचा फॉरवर्ड मधूनच घुसला आणि गोल झाला. दहाएक मिनिटांनी तोच पोरगा पुन्हा माझ्या बाजूनं सुटला. मी त्याच्या मागे पळालो. पेनल्टीच्या चौकोनात त्याला गाठलं, पण चेंडू हुकला आणि माझा पाय त्याच्या पायाला लागला. तो पडला. मीही पडलो आणि माझा गुडघा उलट्या बाजूला वळला. पेनल्टीवर दुसरा गोल झाला. मला उचलून बाहेर नेत होते तेव्हा प्रेक्षक माझं नाव घेऊन शिव्या देत होते. माझ्या अंगावर लिंबाची सालं आणि चपला पडत होत्या.

पाचव्या दिवशी इस्पितळात नानांचं पत्र आलं. पाय प्लास्टरमध्ये होता. ‘चि. यास अनेक आशीर्वाद. परवा तुझे नाव सतरा वेळा आले. मी बोटांवर मोजले. संघ हरला, परंतु डॉक्टरबाबू म्हणाले की सर्व कलकत्ता तुझेच नाव घेत होते. गल्लीत पेढे वाटले.’

शेजारच्या खाटेवरच्या माणसानं विचारलं, घरचं पत्र का? मी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. उत्तरात खरं काही लिहिलं नाही. ‘पायाला थोडं लागलंय’ एवढंच लिहिलं.

दोन महिन्यांनी क्लबच्या सेक्रेटरींनी मला चहाला बोलावलं. ते फार सौम्यपणे बोलले. पुढच्या मोसमात बघू, म्हणाले. चहा संपेपर्यंत मला कळलं की पुढचा मोसम नाही. माझं वय तेव्हा अठ्ठावीस होतं.

झाशीला उतरलो तेव्हा काठी होती. नाना फलाटावर उभे होते. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पायाकडे.

“परत कधी जायचंय?”

“नाही जायचं, नाना.”

ते ट्रंक खांद्यावर घेऊन पुढे चालू लागले. हमालाला बोलावलं नाही आणि मला हातही लावू दिला नाही.

घरापर्यंत पाच जणांनी थांबवलं. “भैया, पेड़े खाए थे हमने तुमाए नाम के,” हलवाई म्हणाला. मी हसलो. नाना रस्त्याकडे बघत राहिले.

चार दिवसांनी मी डॉक्टरबाबूंकडे गेलो आणि विचारलं, का सांगितलं असं? त्यांनी चष्मा काढला.

“पहली बार नाम आया तो आपके पिताजी खड़े हो गए। फिर हर बार मेरा मुँह देखते थे। बोलिए, मैं क्या कहता?”

मी तसाच परत आलो.

मला गरौठ्याला, तालुक्याच्या गावी, ब्लॉक ऑफिसात नोकरी लागली. सोमवारी बसनं जायचं, शनिवारी यायचं. लग्न झालं, दोन मुली झाल्या. त्यांना मराठी समजतं, बोलतात हिंदीतच. घरात फुटबॉलचा विषय निघत नसे. नानांनी डॉक्टरबाबूंच्या बाकावर जाणं सोडलं होतं. मला वाटे, मी खेळत नाही म्हणून जात नाहीत. अशी बारा वर्षं गेली.

मग नानांना अर्धांगाचा झटका आला. डावं अंग गेलं, जीभ जड झाली, पण बोलणं समजे. मी महिनाभराची रजा काढली. एका दुपारी आई आणि बायको बाजारात गेल्या होत्या. मी नानांना चमच्यानं पेज भरवत होतो. चार चमचे झाल्यावर त्यांनी माझा हात धरला.

“ती मॅच सांग.”

“कोणती?”

“सतरा वेळाची. डॉक्टरबाबूंनी सांगितली तशी नको. झाली तशी सांग.”

मी वाटी खाली ठेवली. “तुम्हांला ठाऊक होतं?”

“बंगाली येत नव्हतं रे. पण माणसं कशी ओरडतात ते कळतं. आनंदानं ओरडत नव्हती.”

“मग पेढे कशाला वाटलेत?”

 “गल्लीतली चार जणं दाराशी विचारायला उभी होती. तुझ्याबद्दल वाईट माझ्या तोंडून निघेना.”

मी सांगितली. सुई, आखूड पडलेला चेंडू, पेनल्टी, शिव्या, चपला, सगळं. आईलाही कधी सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. नाना डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणाले, “दुसऱ्या वेळी तो सुटला, तेव्हा तू पळालास? तसल्या पायानं?”

“पळालो.”

“हं.”

मी पुढे सांगत गेलो. सेक्रेटरींच्या चहापर्यंत आलो आणि थांबलो. पुढचं त्यांना माहीतच होतं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. मला वाटलं, झोपले. मग त्यांनी विचारलं, “खूप दुखलं का रे?”

बारा वर्षांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. पुन्हा खेळणार का, पेन्शन मिळते का, फोटो आहेत का, हे सगळ्यांनी विचारलं होतं. मी हो म्हणालो. त्यांचा उजवा हात अंथरुणावर इकडे तिकडे फिरत होता. माझा हात शोधत होते. मी दिला.

आई परतली तेव्हा पेज गार झाली होती. तिनं विचारलं, अजून भरवलं नाहीस? नाना म्हणाले, “मीच नको म्हटलं.”

तीन आठवड्यांनी ते गेले. त्या तीन आठवड्यांत आम्ही खूप बोललो, म्हणजे मी बोललो आणि त्यांनी ऐकलं. कलकत्त्याचे चिखलाचे मोसम, मेसमधली माशांची आमटी, डोक्यानं चेंडू मारताना डोळे मिटू नयेत हे शिकायला मला लागलेली दोन वर्षं. कधी ते अर्ध्यातच झोपत, तरी मी वाक्य पूर्ण करत असे. सांगायचं एवढं साठलं होतं, आणि नाना इतकी वर्षं पलीकडच्या खोलीतच होते.